दोन मित्र आणि आवाजाचं बटण

एका गावात दोन मित्र राहत होते आणि दोघांना मिळून एकच वेड होतं. गाव सांगलीकडचं, हळदीच्या पेठेचं. एक जिनदत्तशेठ मगदूम, हळदीचे व्यापारी. दुसरे अप्पा चौगुले, त्यांचं खिळे-पत्र्याचं दुकान. वेड होतं घरी बसून गाणं ऐकण्याचं. त्यातही गाणं थोडं आणि ते ज्यातून ऐकायचं ती यंत्रं फार.

जिनदत्तशेठांचा धंदाच तुलनेचा. सौद्याला हळदीचे दोन ढीग समोर आले की हळकुंड मोडायचं, आतला रंग बघायचा आणि सरस कुठलं ते सांगायचं. पेठेत त्यांचा शब्द चालायचा. ही सवय ते घरीही घेऊन आले होते. दोन गोष्टी शेजारी ठेवून त्यातली चांगली कुठली हे ठरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मग ते आंबे असोत, न्हावी असोत, नाहीतर स्वतःचे दोन जावई.

अप्पा विधुर होते. मुलगा बंगळुरात. आठवडाभर खानावळीचा डबा यायचा, तो ते दुकानातच उघडायचे. रविवारी मात्र जिनदत्तशेठांकडे पान ठरलेलं. शेठांच्या पत्नी राजमतीबाई गरम भाकरी, मुगाची उसळ आणि शेंगदाण्याची चटणी करायच्या. जेवण झालं की दुपारभर गाणं. अप्पा सोमवारपासूनच रविवारची वाट बघत.

एकदा दोघं मुंबईला गेले आणि एकाच दुकानातून एकसारखे दोन हेडफोन घेऊन आले. हेडफोन इतके भारी होते की साध्या फोनला जोडले तर आवाज मेल्यासारखा यायचा. त्यांना ताकद द्यायला वेगळा अँप्लिफायर लागतो, असं दुकानदाराने सांगितलं. इथे दोघांच्या वाटा फुटल्या. शेठांनी व्हॉल्व्हचा घेतला. जुन्या रेडिओत असायच्या तशा त्याला काचेच्या नळ्या, तापल्या की मंद लाल दिसणाऱ्या. अप्पांनी ट्रान्झिस्टरचा घेतला, काळा, चपटा आणि कोणतीही ऐट नसलेला. राजमतीबाई दोन्हींना डबाच म्हणायच्या.

आता या दोन डब्यांत सरस कुठला? हा प्रश्न शेठांच्या घशाखाली घास उतरू देईना.

पुढच्या रविवारी अप्पांनी आपला अँप्लिफायर दुलईत गुंडाळून रिक्षातून आणला. शेठांनी दोन्ही यंत्रं टेबलावर मांडली, स्वतः आवाजाची बटणं लावली आणि एका गायिकेचा भूप सुरू केला. दोघांनी आळीपाळीने ऐकलं. शेठांचा व्हॉल्व्ह सरस ठरला. गंमत म्हणजे अप्पांनाही तो सरस वाटला, आणि तेच त्यांच्या मनाला लागलं. त्याच्या पुढच्या रविवारी बैठक अप्पांच्या घरी भरली. बटणं अप्पांनी लावली. तिथे अप्पांचा ट्रान्झिस्टर सरस ठरला. शेठांनाही आपला अँप्लिफायर फिका वाटला.

“काहीतरी केलंयस तू,” शेठ म्हणाले. “माझ्या घरी हाच सोन्यासारखा वाजत होता.”

“म्हणजे तूच तुझ्या घरी काहीतरी केलं असशील. सौद्यालापण असंच करतोस काय?”

“सौद्याचं नाव काढू नकोस. तुझ्या तराजूत खिळे कसे बसतात ते गावाला ठाऊक हाय.”

दोन्ही गोष्टी साफ खोट्या होत्या. शेठांनी सौद्यात कधी कुणाला फसवलं नव्हतं आणि अप्पांच्या तराजूकडे बोट दाखवायची कुणाची हिंमत नव्हती. पण आवाज चढत गेले आणि ज्याचा चढला त्याला आपलंच खरं वाटत गेलं. शेठ अँप्लिफायर काखेत मारून चालते झाले. घाईत स्वतःची टोपीही विसरले.

त्यानंतर अप्पा रविवारी यायचे बंद झाले. रविवारीही खानावळीचा डबा सुरू केला. त्यांच्या दुकानावरून जाताना शेठ मुद्दाम दुसऱ्या बाजूला बघायचे. बघून झालं की दिवसभर चिडचिड करायचे. राजमतीबाई सवयीने रविवारी दोन भाकऱ्या जास्त करायच्या आणि मग त्या गाईला घालायच्या.

इकडे शेठांनी दुखण्यावर औषध म्हणून नवी वायर मागवली. तिला म्हणे चांदीचं पाणी दिलेलं होतं. वायर जोडायच्या आधी राजमतीबाईंनी टेबल पुसलं. पुसताना फडक्याने अँप्लिफायरचं आवाजाचं बटण एवढंसं पुढे सरकलं. त्या ते मागे घेणार तोवर शेठ वायर जोडून, हेडफोन चढवून बसलेसुद्धा.

“अगं, कमाल केली या वायरीनं!” शेठ ओरडले. “पडदाच बाजूला झाला की!”

असं म्हणून ते मोठ्या कौतुकाने शेजारच्या खुर्चीकडे वळले. खुर्ची रिकामी होती. शेठांनी हेडफोन काढला. “सांगू कुणाला आता,” ते पुटपुटले. नवऱ्याच्या हट्टाचा राजमतीबाईंना इतके दिवस राग येत होता. तो त्या क्षणी गेला आणि त्यांना नवऱ्याची फार दया आली.

जेवणानंतर त्यांनी गुपचूप बटण पहिल्या जागी आणून ठेवलं. संध्याकाळी शेठ म्हणाले, “वायर जरा मंद पडली. मुरायला वेळ लागणार.” वायर म्हणजे काय कैरीचं लोणचं आहे? राजमतीबाई पदराआड हसल्या. भांडण कशाचं होतं ते त्यांना कळलं होतं.

त्यांनी अप्पांना फोन लावला.

“भावजी, रविवारी डबा घेऊन या. खायचा नव्हे, वाजायचा.”

“नको वहिनी. त्यानं माझा तराजू काढला.”

“त्यांच्याकडे येऊ नका. माझ्याकडे या.”

रविवारी अप्पा दुलईत गुंडाळलेला अँप्लिफायर घेऊन आले आणि शेठांकडे पाठ करून बसले. शेठही भिंतीकडे तोंड करून बसले. राजमतीबाईंनी दोन्ही यंत्रांवर चादर टाकली आणि गाणं ज्यातून वाजायचं त्या एकाच प्लेअरच्या वायरी दोन्हींना जोडल्या. हे सगळं त्या इतके दिवस बघत आल्या होत्या.

“चादरीखाली कुठला वाजतोय ते मला ठाऊक,” त्या म्हणाल्या. “तुम्ही फक्त पहिला की दुसरा, एवढं सांगायचं.”

शेठांनी ऐकलं. “दुसरा! विचारायचं काय त्यात?” अप्पांनी ऐकलं. “दुसराच. आंधळ्यालाबी कळेल.” दोघांनाही खात्री होती की दुसरा आपलाच. बाईंनी चादर उचलली. दुसरा अप्पांचा होता. अप्पा छाती काढून उभे राहिले. शेठांचा चेहरा पडला.

“आणखी एकदा,” बाई म्हणाल्या आणि चादर पुन्हा टाकली.

या वेळी दोघांनी पहिला निवडला. चादर उचलली. पहिला शेठांचा होता. अप्पा हळूच खाली बसले.

“आता सांगा, कुणी कुणाला फसवलं?” राजमतीबाईंनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, “मी फसवलं तुम्हाला. एकदा भावजींच्या डब्याचं बटण एवढंसं पुढं केलं, एकदा यांच्या. ज्याचा आवाज मोठा तो तुम्हाला दर वेळी चांगला वाटला.”

“पण मी त्या दिवशी मुद्दाम नव्हतं केलं गं!” शेठ कळवळून म्हणाले.

“मीबी नव्हतं,” अप्पा म्हणाले.

“ते कळतंय मला. वाढताना आपल्या माणसाच्या पानात तूप जरा जास्तच पडतं. मुद्दाम कोण टाकायलंय?”

शेठांच्या मनात आणखी एक शंका होती. ती त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारली. “आणि वायर?”

“ती वायर नव्हती. माझं फडकं होतं.”

अप्पांना हसू आवरेना. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि शेठ धावत जाऊन तांब्या घेऊन आले. पाणी देत ते म्हणाले, “तुझ्या तराजूचं बोललो ते वाईट बोललो, अप्पा.”

“मी सौद्याचं बोललो त्याचं काय? मोठ्यानं बोललं की आपल्यालाच ते खरं वाटायला लागतंय, बघ.”

मग दोघांनी मिळून एक काम केलं. ते त्यांनी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. एकाने कान लावला, दुसऱ्याने बटण फिरवलं. “जरा कमी. थोडं वर. हां, आता सारखं.” दोन्ही आवाज एका पातळीवर आले. चादर पुन्हा पडली. दोघांनी खूप वेळ ऐकलं, डोळे मिटून ऐकलं. पहिला कुठला आणि दुसरा कुठला, कुणालाच सांगता येईना. ज्यांच्या शब्दावर पेठ चालायची ते जिनदत्तशेठही कान खाजवत बसले.

आता तुलनेत राम उरला नव्हता. करायचं काय, तर गाणं ऐकायचं. इतके दिवस दोघांनी भूपाची सुरुवातच घासली होती. पुढे बंदिश होती, तिथवर कुणी गेलंच नव्हतं. अप्पांनी आपला हेडफोन शेठांच्या अँप्लिफायरला लावला. शेठांनी आपला अप्पांच्या अँप्लिफायरला. बाईंनी गाणं सुरू केलं.

राजमतीबाईंना त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. त्या दारात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. शांत खोलीत दोन म्हातारे डोळे मिटून बसले होते. बंदिश समेवर आली असावी, कारण दोघांच्या माना एकदमच खाली आल्या आणि दोघांच्या तोंडून एकाच वेळी “वा” निघालं. बाईंचे डोळे भरून आले. भाकऱ्या झाल्या होत्या, पण त्यांनी हाक मारली नाही. त्या आत गेल्या आणि तवा पुन्हा तापत ठेवला.

तात्पर्य: जे मोठ्याने वाजतं ते चांगलं वाटतं आणि जे मोठ्याने बोललं जातं ते खरं वाटतं. म्हणून यंत्रांची तुलना असो की माणसांचं भांडण, आधी दोन्हीकडचे आवाज सारखे करावेत आणि मगच निवाडा करावा. बहुतेक वेळा निवाड्याची गरजच उरत नाही.