घंटेची अवेळी हाक

फार मागे, वसईकडच्या एका चर्चच्या मनोऱ्यात एक घंटा होती. गावात कुणावर संकट आलं की ती अवेळी वाजायची आणि सारे धावत यायचे.

एकदा तिचीच तुळई तडकली. “स्वतःसाठी कशी वाजू?” म्हणत ती जीव मुठीत धरून लटकत राहिली. “प्रभू, सांभाळ,” एवढंच पुटपुटायची.

तुळईवरची चिमणी म्हणाली, “बाई गं, सांभाळेल की! पण त्याचे हात खाली गावात आहेत. हाक मार.”

घंटेनं लाजत एक टोला दिला. गाव धावलं. इनास सुतारानं वर चढून तुळई पाहिली. तो म्हणाला,

“वेडे, आम्ही तुला कधी जड झालो का गं?”

गावकऱ्यांनी वर येऊन घंटेखाली खांदे लावले. तिनं आपला सगळा भार त्यांच्या खांद्यांवर सोडला.