पडद्याकडे पाठ

एका नगरात एकदा मूकपटांवर गंडांतर आले. तिथे एक वृद्ध रसिक राहत. दर रविवारी दुपारी ते जुने विदेशी चित्रपट दाखवीत आणि सारे त्यांना गुरुजी म्हणत. सभागृह एका व्यापाऱ्याचे होते. त्याने एके दिवशी स्पष्टच सांगितले, "गुरुजी, आधीच मुका सिनेमा, त्यातून जर्मन. या रविवारी मध्यंतरानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या, तर पुढच्या रविवारपासून इथे साखरपुडे होतील. जेवणाच्या पंगतीतून कोणी मधेच उठत नाही."

गुरुजी हसले. त्यांची शिष्या मात्र हादरली. ती महाविद्यालयात शिकलेली, अभ्यासू, आणि दाराची कडी वाजली तरी दचकणारी. मूकपटात अधूनमधून संवादांच्या पाट्या येतात; त्या मराठीत वाचून दाखवणे हे तिचे काम. या खेपेला तिने पाट्यांच्या जोडीला प्रत्येक प्रसंगाचे विवेचनही लिहून काढले. ही सावली कशाची खूण, हा जिना कशाचे प्रतीक, सगळे. लोकांना काही कळायचे राहिले आणि ते उठून गेले, तर दोष आपलाच, असे तिच्या मनाने घेतले होते.

रविवारी सभागृह भरले. व्यापाऱ्याची म्हातारी आईही पहिल्या रांगेत येऊन बसली. शिष्येने पडद्याशेजारी खुर्ची मांडली. गुरुजी आले आणि त्यांनी ती खुर्ची उलटी फिरवली. पडद्याकडे पाठ, प्रेक्षकांकडे तोंड.

"गुरुजी, मला पडदा दिसणार नाही."

"तुला चित्रपट पाठ आहे."

"पण पाटी आली हे कसं कळायचं?"

"पाटी आली की पडदा काळा होतो, लोकांच्या तोंडावरचा उजेड जातो. तेवढं कळेल. मग चेहरे बघ. चेहरा विचारत असेल तर वाच. विचारत नसेल तर गप्प बस."

"आणि लोक उठून गेले तर?"

"तर सगळ्यात आधी तुलाच दिसेल," असे म्हणून गुरुजी मागे जाऊन बसले.

चित्रपट होता नाटकगृहात कपडे शिवणाऱ्या एका बाईचा. तिची मुलगी नामांकित नटी होते आणि चारचौघांत आईला ओळख दाखवत नाही. पहिली पाटी आली तेव्हा भुवया उंचावल्या. शिष्येने ती वाचली. पुढे आई बोचके घेऊन नाटकगृहाच्या मागच्या दाराशी येते तो प्रसंग आला. चेहऱ्यांवर अंधार पसरला. 'मी या बाईला ओळखत नाही' ही ती पाटी. शिष्येने माईक उचलला, आणि पाहिले, तर व्यापाऱ्याच्या आईने पदर तोंडाला लावला होता. कोणीही शिष्येकडे पाहत नव्हते. माईक खाली आला.

मध्यंतरात लोकांनी घाईने चहा घेतला आणि परत येऊन बसले. व्यापारी किल्ल्यांचा जुडगा वाजवीत दाराशी उभा राहिला.

शेवटी नटीच्या पोशाखाचा टाका उसवतो. ती स्वतःच सुई घेते, मान तिरकी करून दाताने दोरा तोडते आणि तशीच थबकते. पहिल्या प्रसंगात आईने नेमका असाच दोरा तोडलेला असतो. यावर शिष्येचे सर्वांत दीर्घ विवेचन तयार होते. तिने श्वास घेतला, तोच पहिल्या रांगेतून म्हातारी मोठ्याने म्हणाली, "बघ, मान तश्शीच वाकडी केली. आईचीच आहे गं ती."

तिला कोणी गप्प केले नाही. किल्ल्यांचा आवाज थांबला. व्यापारी पुढे आला आणि आईच्या पायाशी जमिनीवर बसला.

खेळ संपल्यावर शिष्या गुरुजींकडे गेली. "मी जवळजवळ काहीच वाचलं नाही. माझं काम झालंच नाही."

गुरुजी म्हणाले, "पोरी, तू त्या चित्रपटाला टेकू द्यायला निघाली होतीस. शंभर वर्षांपूर्वी परदेशात एका नटीने मान तिरकी केली, ती आज या म्हातारीपर्यंत पोचली. ज्यांनी हे घडवलं त्यांचा अभिमान वाटतोच. पण त्याहून जास्त मला आपल्या लोकांचा वाटतो. त्यांना जर्मनीतलं एकही गाव ठाऊक नाही, तरी आई ओळखता आली. तुझा अभ्यास वाया गेला असं समजू नकोस. काय बोलायचं नाही हे कळायला तो सगळा करावाच लागतो."

तेवढ्यात व्यापारी आला. "गुरुजी, आई विचारतेय, पुढच्या रविवारी कोणता? तिची खुर्ची धरून ठेवा."

"आणि साखरपुडे?"

"शनिवारी करतील की."

पुढच्या रविवारी शिष्येने खुर्ची आपणहून फिरवली. दार धाडकन लागले तशी ती दचकली; मग मान ताठ करून त्या साऱ्या चेहऱ्यांकडे पाहत बसली, घरच्या माणसांकडे पाहावे तशी.