माकडिणीने पाळलेले कासव

तळ्यापासून हाकेच्या अंतरावर, एका जंगलात, उंबराच्या झाडावर एक माकडीण राहत असे. मायाळू म्हणाल तर तिच्यासारखी तीच, आणि उतावळी म्हणाल तरीही तीच! एकदा काय झाले, वरून उडणाऱ्या घारीच्या पंजातून कासवाचे एक इवलेसे पिल्लू निसटले आणि थेट माकडिणीच्या मांडीवर येऊन पडले. तिला स्वतःचे लेकरू नव्हते. तिने झाडाखालच्या कातळातला खळगा पाण्याने भरला, पिल्लाला त्यात सोडले आणि शेंड्यावर चढून साऱ्या जंगलाला ओरडून सांगितले, "मला बाळ झालं हो, बाळ झालं!"

आता मुलांनो, माकडीण बाळ वाढवणार ते कसे? माकडासारखेच! तिला दुसरे येत होते काय? सकाळ झाली की ती पिल्लाला पाण्यातून उचलून मांडीवर घेई आणि पिकले उंबर त्याच्या तोंडात कोंबी. पिल्लू घास तोंडात धरून बसे, पण गिळत काही नसे. "रुसलंय गं माझं सोनं!" असे म्हणून ती त्याच्यापुढे चार कोलांट्या मारून दाखवी. दुपारी पिल्लू खळग्यातल्या दगडावर चढे, मान लांब करी, मागचे पाय ताणी आणि डोळे मिटून उन्हात पडून राही. ते पाहून माकडिणीच्या काळजाचे पाणी होई. "अगं बाई, भोवळ आली वाटतं!" असे म्हणत ती त्याला सावलीत नेई. पिल्लू पुन्हा उन्हाकडे सरके, ही पुन्हा मागे ओढी. शेवटी तिने खळग्यावर पळसाच्या पानांचे छप्परच घातले. संध्याकाळी ती मन लावून त्याच्या उवा शोधायला बसे. उवा कुठल्या सापडायला! पाठीवर एखादा पातळ पापुद्रा सुटायला आलेला दिसे, तोच ती नखाने ओरबाडून काढी.

दोन महिने गेले. खळग्यात पडणाऱ्या एखाद्या किड्यावर पिल्लू कसेबसे जगले, पण होते तेवढेच राहिले. डोळे सुजले, आणि एके दिवशी माकडिणीचे बोट लागले तर त्याची पाठ चक्क दबली. ती घाबरून रडू लागली. एवढ्यात फांदीवर कावळा येऊन बसला. न विचारता सल्ला द्यायची त्याला भारी हौस.

"त्यात काय रडायचं, वहिनी?" तो म्हणाला. "जेवढं भांडं, तेवढंच कासव! खळगा लहान, म्हणून तेही लहान. बरंच आहे की, कडेवर मावतं."

"अहो भावजी, पण पाठ मऊ पडलीय त्याची!"

"मऊ तर मऊ. लोण्यासारखं बाळ आहे म्हणून मिरवा!"

माकडिणीने एक कच्चे उंबर नेम धरून त्याच्या शेपटीवर हाणले आणि तडक तळ्याकडे धाव घेतली. तळ्यात एक म्हातारी म्हैस नाकापर्यंत बुडून रवंथ करत होती.

"आजी, माझं बाळ हातचं जाईल हो! काहीतरी औषध सांगा," माकडीण हात जोडून म्हणाली.

म्हशीने सावकाश डोळे उघडले. "मी काही वैद्य नाही बाई. पण कासवांच्या शेजारी माझा जन्म गेलाय. तू असं कर, इथे काठावर बस आणि दिवसभर नुसतं बघ. कशाला हात लावायचा नाही. हात मांडीखाली घाल."

माकड, आणि दिवसभर हात आवरून! पण माकडीण बसली. समोर आडव्या पडलेल्या ओंडक्यावर दहाबारा कासवे पाय ताणून, डोळे मिटून पसरली होती.

"आजी, सगळ्यांना भोवळ आलीय!" ती ओरडली.

"खाली बस. ऊन खातायत ती. उन्हाशिवाय त्यांची पाठ टणक होत नाही."

थोड्या वेळाने एका लहान कासवाने काठावरची अळी पकडली आणि तोंडात धरून ते तुरुतुरु पाण्यात शिरले. तिथे बुडी मारल्यावरच ती अळी त्याच्या घशाखाली उतरली. मग एका मोठ्या कासवाच्या पाठीवरून पापुद्रा आपोआप सुटला आणि पाण्यावर तरंगत गेला. खालून नवी कोरी पाठ चकाकली.

"तुझा अंगरखा आखूड झाला तर तूही टाकशीलच ना?" म्हैस म्हणाली. "अंग वाढतं तसा जुना पापुद्रा सुटतो. पण त्याच्या वेळेला सुटतो, आपल्या नखाने नाही."

माकडिणीला रडू कोसळले. "रुसलं नव्हतं हो ते. उपाशी होतं. मी मांडीवर घेऊन उपाशी ठेवलं त्याला!"

ती तशीच उठली आणि धावत घरी आली. एका झटक्यात तिने छप्पर उडवून दिले. मग एका हाताने नाक दाबून दुसऱ्या हाताने ओली माती उकरली आणि तोंडे वेडीवाकडी करत गांडुळे गोळा करून पाण्यात टाकली. आणि काय सांगू मुलांनो, पिल्लाने एका दमात तीन गांडुळे गट्ट केली! माकडीण आनंदाने अशी नाचली की झाडावरची पिकली उंबरे टपाटपा गळाली.

पाठ टणक व्हायला बरेच दिवस लागले, पण झाली. पिल्लूही वाढू लागले. खळग्यात त्याला वळता येईना, तेव्हा माकडिणीने त्याला छातीशी धरले आणि स्वतःच्या हातांनी तळ्यावर नेऊन सोडले. ते मागे न बघता पाण्यात गेले. तिने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही.

तिसऱ्या दिवशी तिला राहवेना. ती ओंडक्यापाशी आली. तिची सावली पडताच कासवांनी डुबुक डुबुक पाण्यात उड्या घेतल्या. ओंडका रिकामा झाला. फक्त एक कासव जागचे हलले नाही. त्याने मान लांब करून तिच्याकडे पाहिले, "बस ना, आई!" म्हटले आणि पुन्हा डोळे मिटून उन्हात पाय ताणले.

तात्पर्य : ज्याला वाढवायचे, त्याची रीत आधी डोळे भरून पाहावी, माया मग त्याच रीतीने करावी.