वजा केलेलं वय

"वय वजा केलं, म्हणजे नक्की काय केलंस?" दाजीबुवांनी विचारलं.

दाजीबुवा गुरव मिरजेचे पखवाजवादक, पंचाहत्तरीचे. समोर बसलेला तन्मय त्यांच्याकडे सात वर्षं शिकला आणि मग मेंदूच्या अभ्यासाला गेला. पोरगा हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक. सोमवारी त्याला प्रबंध द्यायचा होता. पहिल्या पानावर, अर्पण म्हणून, बुवांचं नाव होतं.

"दोन गट केले, बुवा. वीस पखवाज वाजवणारे, वीस न वाजवणारे. सगळ्यांच्या मेंदूची चित्रं काढली."

"आठवतंय. डोकं हलवू नका म्हणालास. यंत्राची लय मात्र पक्की होती हो."

"मेंदूतला ऐकण्याचा भाग दोन्ही गटांत सारखाच भरला. पण वाजवणारे सगळे साठीपुढचे, न वाजवणारे माझ्या कॉलेजातले. वयानं मेंदू झिजतो. तेवढं वय हिशेबातून वजा केलं, आणि वाजवणारे पुढे निघाले." तो पुढे सरकून बसला. "पखवाज मेंदूला झिजू देत नाही. हे मी सिद्ध केलं, बुवा. तुमच्यासाठी."

बुवा भिजवलेली कणीक पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापू लागले. ती लावल्याशिवाय डावी बाजू घुमत नाही.

"न वाजवणाऱ्या म्हाताऱ्याचा मेंदू किती झिजतो, हे कुणी सांगितलं?"

"गणितानं..."

"आणि गणिताला? असा एक तरी म्हातारा होता तुझ्याकडे?"

"नाही."

"वाजवणारा तरुण?"

तन्मयनं नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे कॉलेजातली पोरं कागदावर म्हातारी केलीस आणि आम्हाला जिंकवलंस." बुवांनी कणकेचा हात त्याच्या गालाला लावला. "मायेनं केलंस. कळतंय मला."

तन्मयचे डोळे भरले. तीन वर्षं गेली होती त्यात. "सोमवारी काय देऊ मग?"

"सोमवार पुन्हा येतो. माझ्या वयाची, न वाजवणारी माणसं शोध."

स्वयंपाकघरात बुवांच्या पत्नी, माई, होत्या. वय बहात्तर. पखवाजाला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. त्यावर लावायची रोजची कणीक मात्र पन्नास वर्षं त्याच भिजवत होत्या. तन्मयनं गाल पुसला, वही उघडली. न वाजवणाऱ्यांच्या रकान्यात पहिलं नाव लिहिलं, माई.

बुवांनी डावीवर थाप दिली.

"कोरडी बोलतेय," आतून माई म्हणाल्या. "अजून बोटभर लावा. आणि पोराला म्हणावं, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

बुवांनी बोटभर कणीक लावली. पुन्हा थाप दिली... खोली घुमली.

तन्मयनं वहीतल्या नावाकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे, मग बुवांकडे.

बुवा हसले. "पन्नास वर्षं ऐकतेय ती. पेन्सिलीनं लिही, बाळा."