नांदून आलेला हंडा

एकदा एक शिष्य आपल्या गुरूवर भर सत्यनारायणाच्या दिवशी, पाहुण्यांच्या देखत संतापला. शिष्याने गुरूवर संतापू नये, हे मलाही ठाऊक आहे. पण ज्या घरासाठी जिवाचं रान केलं, त्या घराची लक्तरं गुरूनेच वेशीवर टांगली असं वाटल्यावर कुणाचं डोकं ठिकाणावर राहील? माझं तरी राहिलं नसतं.

हे गुरू म्हणजे कुणी मठाधिपती नव्हेत. ते तांबट होते, आणि भांड्यांच्या पेठेत पन्नास वर्षं बसून त्यांनी भांड्यांवर नावं घातली होती. आपल्याकडे लग्नामुंजीत भांडं द्यायचं तर कुणाला आणि कुणाकडून, हे त्यावर घातल्याशिवाय देत नाहीत. आता विजेच्या पेनाने ते काम भर्रकन उरकतं. त्या काळी बारीक छिन्नी आणि इवलीशी हातोडी घेऊन एकेक ठिपका ठोकावा लागे. सगळी पेठ त्यांना अण्णा म्हणे. डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी आपली बसायची जागा आणि हत्यारं आपल्या एकुलत्या एक शिष्याला दिली. त्याचं नाव दिगंबर.

दिगंबरची बायको शालन ही त्याच गावातल्या एका बड्या व्यापाऱ्याची मुलगी. व्यापार नव्या फर्निचरचा. दुकानाच्या पायरीवर बसून नावं ठोकणारा जावई त्या गृहस्थांच्या पचनी पडला नाही. आहेर राहिला बाजूला, ते लग्नालाही आले नाहीत. “दोन खोल्यांत भंगार मांडून बसेल माझी पोर,” एवढं बोलले आणि दोन वर्षं त्यांनी लेकीचं तोंड पाहिलं नाही.

आता त्या दोन खोल्या कशा होत्या ते ऐका. दर रविवारी सकाळी ही दोघं नदीकाठच्या जुन्या बाजारात जात. खिसा हलका, पण शालनची नजर पारखी. फर्निचरवाल्याचीच लेक ती, लाकडावर बोट वाजवून ते सागवान आहे की रंग फासलेलं आंब्याचं, हे डोळे मिटून सांगे. बंद पडलेल्या एका शाळेतला लांब बाक तिने आणला, घासूनपुसून त्याला तेल पाजलं आणि खिडकीखाली ठेवला. शिलाई मशीनचा नुसता लोखंडी सांगाडा मिळाला, त्यावर शहाबादी फरशी बसवून जेवायचं टेबल झालं. एका जुन्या इरकली लुगड्याचे काठ काढून तिने मांजरपाटाच्या पडद्यांना लावले. भिंतीवरचं घड्याळ दिवसाला दहा मिनिटं मागे पडे, तेव्हा सकाळी चहा झाला की त्याला पुढे ढकलायचं, हा दोघांचा नेमच होऊन बसला. सर्वांत शेवटी आला एक तांब्याचा हंडा. तो दाराशेजारी तिवईवर ठेवला आणि सगळी खोली उजळली.

मला विचाराल तर त्या पेठेत तितकं देखणं घर दुसरं नव्हतं. मग लाजायचं कशाला? पण आपण माणसं मोठी नामी. गरिबाकडे जुनी वस्तू दिसली की नाक मुरडायचं, आणि तीच धनवंताच्या दिवाणखान्यात दिसली की अँटिक म्हणून तिच्याभोवती गोळा व्हायचं. या दुटप्पीपणाची मला मनस्वी चीड आहे. दिगंबरच्या हातून पुढे जे घडलं त्याचं निम्मं पाप मी तुमच्याआमच्या माथी मारतो.

घडलं ते असं. शालनने सत्यनारायण घातला आणि वडिलांना निरोप धाडला. प्रसादाला नाही म्हणू नये, हे व्यापारीही मानत होते. येतो म्हणाले. निरोप ऐकून शालनच्या डोळ्यांना धार लागली. दोन वर्षांनी तिचं माहेर तिच्या दारात येणार होतं. बाबा नीट बसले, दोन घास खाऊन गेले, तर पुढचं जाणंयेणं सुरू होईल. रुसून उठले, तर मग कायमचंच.

दिगंबरला मात्र वेगळीच धास्ती. हंड्याच्या गळ्याखाली ठिपक्यांच्या दोन ओळी होत्या, कुणा परक्या बायकांची नावं. त्यातली खालची ओळ अण्णांच्या वळणाची आहे, हे त्याने पाहताक्षणी ओळखलं होतं. तरीही त्याने कानस हातात घेतली.

“असू द्या ना ती,” शालन म्हणाली. “मला आवडतात.”

“आणि तुझ्या बाबांनी वाचली तर?”

“वाचू देत.”

“तुझं काय जातंय? तू त्यांची मुलगी आहेस. भंगारवाला मी ठरणार.”

चार दिवस त्याने ती नावं घासली. आधी कानशीने, मग काचकागदाने, शेवटी चिंच लावून. हंडा आरशासारखा लख्ख झाला. शालन दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, आणि मी म्हणतो, बरोबर केलं तिने.

पूजेच्या दिवशी व्यापारी आले. परीटघडीचे कपडे, चेहऱ्यावर तपासणीला आल्याचा भाव. पण खोलीत पाऊल टाकलं आणि त्यांची नजर इकडून तिकडे फिरतच राहिली. दिगंबरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याने सांगायला सुरुवात केली. हा बाक आमच्या आजोबांचा. ते घड्याळ पणजोबांचं. अहो, पणजोबा दुसऱ्याच्या बांधावर राबलेला माणूस. सूर्य डोक्यावर आला की भाकरी सोडायची, एवढंच त्यांचं घड्याळ. आणि हे सगळं सत्यनारायणाच्या चौरंगासमोर उभं राहून चाललेलं. स्वयंपाकघरात शालन शिरा ढवळत होती, तिचं उलथणं कढईवर जरा जास्तच जोरात आपटत होतं. पूजेला आलेले अण्णा बाकावर बसून मुकाट ऐकत होते.

व्यापारी हंड्यापाशी थांबले. “हा मात्र अस्सल दिसतो.”

“आमच्या आजीचा,” दिगंबर म्हणाला. “तिला माहेरून आलेला.”

“वा.” व्यापाऱ्यांचा चेहरा प्रथमच सैल झाला. ते वळून म्हणाले, “अण्णा, तुमची उभी हयात यात गेली. सांगा बघू, किती वर्षांचा असेल? पोरीच्या घरात घराण्याची एक तरी वस्तू आहे म्हणायची.”

अण्णा उठले. त्यांनी हंड्याच्या गळ्यावरून तळवा फिरवला आणि तो एका जागी थबकला. मग त्यांनी हात कोपरापर्यंत हंड्यात घातला. त्यांची बोटं आतून हळूहळू सरकत होती. मग हात बाहेर काढून म्हणाले, “दिगू, तुझी छिन्नी-हातोडी आण.”

दिगंबरला वाटलं, अण्णा आता आशीर्वाद म्हणून शालनचं नाव घालणार. तो हौसेने हत्यारं घेऊन आला. अण्णांनी खाली बसून हंडा मांडीत घेतला. आत बोट घालून चाचपायचं, जागा धरायची, आणि बाहेरून ठिपका ठोकायचा. टक. पुन्हा चाचपायचं, पुन्हा टक. त्या लख्ख तांब्यावर एकेक अक्षर उमटू लागलं. भोवती पाहुणे जमले. दोन ओळी पुऱ्या झाल्या तेव्हा व्यापाऱ्यांनी वाकून मोठ्याने वाचलं.

“सौ. भागीरथी. आणि खाली, चि. सौ. कां. यमू हिस मामाकडून.” त्यांनी जावयाकडे पाहिलं. “यातली तुमची आजी कोणती?”

दिगंबरच्या कानशिलात आग उसळली.

“अण्णा, माझ्याच घरात बसून माझं नाक कापलंत,” तो म्हणाला. “दोन वर्षांनी हिचे वडील आले. तुम्हाला ठाऊक होतं सगळं. एक दिवस गप्प बसता आलं नसतं तुम्हाला?”

“गप्पच बसलो होतो,” अण्णा म्हणाले. तेही संतापले होते, फक्त त्यांचा संताप आवाजात चढत नसे. “बाक आजोबांचा झाला, गप्प बसलो. घड्याळ पणजोबांचं झालं, गप्प बसलो. पण या हंड्याबद्दल मला विचारलं, आणि खालची ओळ माझ्या हातची आहे. माझ्याच हाताखाली ठोकायला शिकलास आणि माझीच अक्षरं कानशीने खाल्लीस. ठोका आत उमटतो, हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं तुला. बाहेरून कितीही घास, आत हात घालणाऱ्याला नाव लागतंच.”

अण्णांनी हंड्यावर हात ठेवला.

“यमूचा मामा हमाल होता. भाचीच्या लग्नात नवा हंडा द्यायची त्याची ऐपत नव्हती. त्याने हा जुन्या बाजारातूनच आणला. भागीरथीचं नाव तेव्हाही यावर होतं. ती कोण, मला माहीत नाही. मी तरुण होतो, मला त्याची कणव आली. म्हटलं, मामा, हे नाव घासून देतो, मांडवात कुणाला कळायचं नाही. तो म्हणाला, नको बाबा. राहू दे. पोरीला कळू दे की हंडा एका घरात नांदून आलाय. कोऱ्या हंड्याला नांदणं काय ठाऊक? आणि दिगू, त्याने तो खांद्यावर घेऊन मांडवात आणला, नाव पुढे करून. हसले असतील चार जण. त्याने मान खाली घातली नाही. जुन्या वस्तूंनी इतकं सुंदर घर मांडलंस, मला तुझा अभिमान वाटत होता रे. जुनं घेण्यात कसला कमीपणा? पण आधीच्या बाईचं नाव पुसायचं आणि आपल्या आजीच्या नावावर खपवायचं, याला मी चोरी म्हणतो. विकत आणलेली वस्तूसुद्धा अशी चोरता येते.”

दिगंबरने मान खाली घातली. व्यापारी मात्र सरळ दाराकडे निघाले होते.

“म्हणजे सगळं जुन्या बाजारातलं,” पायात चपला सरकवत ते म्हणाले. “आणि वर माझ्याशी खोटं. छान.”

“थांबा, बाबा.” शालन स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात तुपाने माखलेले, डोळे लाल. “हे खोटं बोलले ते चुकलंच. नावं घासली म्हणून मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. पण आधीच खरं सांगितलं असतं, तर तुम्ही आला असता का?”

व्यापारी दारातच थबकले.

“हा बाक मी निवडलाय,” ती म्हणाली. “भंगार म्हणण्याआधी एकदा वाजवून बघा. वाजवायला तुम्हीच शिकवलंत मला.”

चपला पायातच राहिल्या असत्या, तर ही गोष्ट मी सांगितली नसती. त्या त्यांनी काढल्या. बाकाशी येऊन बोटाच्या पेराने दोनदा वाजवलं, कान देऊन ऐकलं.

“सागवान आहे,” ते हळूच म्हणाले. “असं लाकूड माझ्या दुकानात कित्येक वर्षांत आलं नाही.”

दिगंबर अण्णांपुढे बसला. त्याने हत्यारं उचलली. “अण्णा, आता शालनचं नाव मी घालतो. त्या दोघींच्या खाली.”

“घाल की. पण कुणाकडून?”

दिगंबर अडला. खरंच, कुणाकडून? बाजाराकडून असं थोडंच घालता येतं. तेवढ्यात व्यापाऱ्यांनी घसा खाकरला. “वडिलांकडून, असं घाला.”

“तुम्ही दिला नाहीत, शेठ,” अण्णा म्हणाले. “याच्यावरचं एक खोटं आत्ता कुठे उतरवलंय. दुसरं नाही चढवणार.”

व्यापाऱ्यांचा चेहरा पडला. त्यांनी लेकीला खरोखरच काही दिलं नव्हतं, साधी वाटीसुद्धा नाही, आणि हे चारचौघांत पहिल्यांदाच कुणी बोललं होतं. शालनने वडिलांकडे पाहिलं. त्यांची कीव करायची की त्यांच्यावर रागवायचं, हे तिचं तिलाच ठरवता येईना. मग ती हंड्याकडे वळली.

“यमूकडून, असं घाला,” ती म्हणाली.

दिगंबरने छिन्नी टेकवली. पण हंडा गोल, जमिनीवर ठरेना. तेव्हा व्यापारी परीटघडीच्या कपड्यांनिशी खाली बसले, मांडी घातली आणि हंडा दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवला. शेवटचा ठिपका पडेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. सौ. शालन हिस यमूकडून.

मग अण्णांनी पुन्हा हात आत घातला आणि तिन्ही ओळी बोटांनी वाचल्या.

“खाली जागा ठेवलीस ना?” त्यांनी विचारलं.

“ठेवली, अण्णा.”

शालनने वडिलांच्या हातात शिऱ्याची वाटी दिली. ते बाकावर बसून खाऊ लागले, आणि मधूनच त्यांचं बोट आपसूक लाकडावर वाजत होतं.

तुमच्या घरातल्या एखाद्या जुन्या वस्तूकडे बघून उद्या कुणी “ही कुठली?” असं विचारलं, तर आजीला मध्ये न आणता बाजाराचं नाव सांगा.