धनेशाने लिंपलेली फांदी

एका शहरात, अगदी भर वस्तीत, एक जुनी बाग होती आणि त्या बागेत एक म्हातारा धनेश राहत असे. मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांनी धनेश पाहिला असेल याची मला शंका आहे, म्हणून आधी तेवढे सांगून टाकतो. राखाडी अंग, लांब शेपूट आणि पाहणाऱ्याला जड वाटावी अशी मोठी बाकदार चोच. अंडी घालायची वेळ आली की धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून ढोलीचे तोंड लिंपून घेते. उरते ती एक अरुंद फट. नर दिवसभर फळे आणतो आणि त्या फटीतून तिला भरवतो.

त्या काळी बागेला कुंपण होते ते मेंदीचे. तिच्या फुलांचा वास संध्याकाळी पार रस्त्यापर्यंत जाई. बागेतल्या पशुपक्ष्यांनी आपले नियम ठरवून घेतले होते आणि सगळे ते पाळत. कुणी देवाघरी गेले की घरच्यांनी त्याच्या नावाने एक झाड लावायचे. अशा झाडाच्या फांदीला, लावणाऱ्याचा होकार असल्याशिवाय, कुणी दात लावायचा नाही. सुकलेली किंवा तडकलेली फांदी पावसाळ्यापूर्वी उतरवून घ्यायची. पण फांदीवर घरटे असेल, तर पिल्ले बाहेर पडेपर्यंत तिला हात लावायचा नाही. फांद्या ठोकून पाहण्याचे काम सुतारपक्ष्याकडे होते आणि कुरतडून उतरवण्याचे खारींकडे.

धनेशाच्या झाडाची हकिकत थोडी वेगळी होती. त्याची धनेशीण जुन्या शिरीषाच्या ढोलीत बसत असे. तो तिला लिंबोळ्या भरवी आणि ती बिया फटीतून बाहेर टाकी. पुढे ती राहिली नाही. पण शिरीषाजवळ तिने टाकलेल्या बियांपैकी एक रुजली होती. तेच कडुनिंबाचे रोप धनेशाने तिच्या नावाने वाढवले. आता त्याचे मोठे झाड झाले होते. त्याच्या एका आडव्या फांदीवर बसले की समोर ती ढोली दिसे. ढोली तेव्हापासून रिकामीच होती. धनेश तिथे कुणालाही फिरकू देत नसे. तो रोज दुपारी त्या फांदीवर बसून राही.

एके वर्षी उन्हाळ्यात ती फांदी बुंध्यापाशी तडकली. सुतारपक्षी पाहणीला येणार हे धनेशाला माहीत होते. त्याने काय करावे? तळ्याकाठचा चिखल चोचीने आणला आणि ढोली लिंपावी तशी ती भेग लिंपून टाकली. वरून सालीचे तुकडे चिकटवले. काम फार सुबक झाले.

सुतारपक्ष्याने फांदी ठोकली, कान लावला, पुन्हा ठोकली. "आवाज बद्द येतोय, काका. उतरवलेली बरी."

"भेग दिसते का कुठे?"

"दिसत तर नाही."

"मग माझा होकार नाही," धनेश म्हणाला.

शेजारच्या दिव्याच्या खांबावर कावळा बसला होता. तो म्हणाला, "अहो काका, चोचीला चिखल लागलाय तुमच्या. या वयात नवा संसार की काय?"

"तू आपली खरकटी बघ!" धनेश खेकसला आणि त्याने चोच घाईघाईने खोडाला पुसली. सुतारपक्षी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी एक खार आली. त्या फांदीखाली तिने आपल्या आईच्या नावाने सीताफळ लावले होते. पण फांदीची सावली पडून रोप पिवळे पडत चालले होते. धनेशाला वाटले, ही भांडायला आली. पण खार म्हणाली, "काका, फांदी पक्की ठरली म्हणे. मग मी तिच्यावर घरटं बांधू का? इथून आईचं रोप दिसतं. दिवस जवळ आलेत माझे."

धनेशाने भेगेकडे चोरून पाहिले. नाही म्हणावे, तर कारण सांगावे लागणार.

"पक्की आहे ना हो, काका?"

"पक्की आहे," तो म्हणाला.

खारीने काथ्या, कापूस, चिंध्या आणून घरटे केले. तिला पिल्ले झाली. आता तर नियमानेच फांदी उतरवता येईना. धनेशाचे बसणे सुटले. तो ढोलीकडे पाहायचा सोडून त्या लिंपलेल्या भेगेकडे पाहत राही. ऊन तापले तसा चिखल वाळला आणि त्याचे पोपडे निघू लागले. तो गुपचूप नवा चिखल लावी आणि मनाला समजावी, 'एवढी पिल्लं बाहेर पडू देत, मग सांगू.'

एका दुपारी आभाळ काळवंडले आणि जोराचा वारा सुटला. कडुनिंब गदगदा हलू लागला. धनेशाला फांदीतून करकर ऐकू आली आणि चिखलाचा मोठा पोपडा त्याच्यासमोर खाली पडला. तो ओरडला, "पोरी, पिल्लं उचल! फांदी तडकलेली आहे. मीच लिंपली होती!"

खारीने घरट्यातून डोके बाहेर काढले. "तुम्ही? आणि मला पक्की म्हणालात?"

"मला मागून काय वाटेल ते बोल. आधी पिल्लं उचल!"

"अहो, पण या वाऱ्यात नेऊ कुठे त्यांना?"

धनेशाने समोर पाहिले. त्याचा आवाज एकदम खाली आला. "ढोलीत ने."

खार एकेक पिल्लू तोंडात धरून शिरीषावर धावली. शेवटचे पिल्लू आत गेले आणि फांदी मोडून खाली आली. सीताफळाचे रोप तिच्या डहाळ्यांखाली वाकले, पण मोडले नाही.

वारा पडल्यावर सुतारपक्षी आणि इतर खारी आल्या. धनेशाने सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली. मोडक्या फांदीचा उरलेला भाग उतरवायला त्याने स्वतःहून होकार दिला. काम संपले तेव्हा, कित्येक वर्षांनी, सीताफळाच्या मातीवर ऊन पडले होते. खार त्याच्याकडे पाठ फिरवून ढोलीत निघून गेली. ते बरोबरच होते, असे मला वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली. धनेश सवयीने बसायला आला. पण फांदी नव्हती. तो थोडा वेळ घुटमळला, मग थेट शिरीषावर जाऊन बसला. ढोलीच्या तोंडाशी इवलेसे नाक हलत होते. धनेश उडाला, एक पिकलेले उंबर घेऊन परतला आणि पूर्वी धरी तसे चोचीच्या टोकात अलगद ढोलीपुढे धरले.

आतून खार म्हणाली, "अहो काका, दूधपिती आहेत ती! त्यांना कसलं उंबर?" मग पंजा पुढे करून म्हणाली, "द्या इकडे. मला भूक लागली आहे."

तात्पर्य : गेलेल्यांची आठवण जपताना तिचा जो भाग तडकला असेल तो झाकून ठेवू नये, वेळीच उतरवावा, आणि त्यांनी मागे ठेवलेली जागा जिवंतांना वापरू द्यावी.