भुंग्याचं उटणं

भांडीसुद्धा वैतागली की बोलून दाखवायची, तेव्हाची गोष्ट. यशोदाकाकूंच्या भुंग्या कुत्र्यानं एकदा चिचुंद्री तोंडात धरली. तिनं असा काही वास सोडला की त्यानं तिला लगेच थुंकून टाकलं, पण वास त्याला सोडेना.

काकूंनी त्याला राखेनं घासलं, चिंचेच्या कोळानं चोळलं. वास तसाच! शेवटी चिडून त्यांनी दिवाळीसाठी ठेवलेलं उटणं काढलं आणि घंगाळातलं सगळं ऊन पाणी त्याच्यावर ओतलं. तेव्हा कुठं वास गेला.

अंग झाडून भुंग्या तडक बिळाकडे निघाला.

"आता कुठं?" घंगाळानं विचारलं.

"चिचुंद्रीला दाखवायला! तिच्या वासानं माझं काही बिघडलं नाही म्हणावं."

"अरे बाबा, सुटलास ना एकदाचा? मग गप बस की घरात!"

"छे! तिची जिरवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही."

थोड्याच वेळात भुंग्या परतला आणि काकूंनी पदर नाकाला लावला. "मेल्या, उटण्याचा डबा रिकामा झाला रे!"

"पण शेवटी मीच जिंकलो," भुंग्या हळूच घंगाळाला म्हणाला.

"जिंकलास खरा," घंगाळ म्हणालं. "पार वेशीपर्यंत कळलंय सगळ्यांना."